घर-अंगण : जाऊबाईंचा झाडांचा धंदा

एप्रिल सरत आला की तुमच्या-माझ्या घरी कुरडया, पापड आणि वर्षाच्या मसाल्याची घाई असते. आमच्या मुलुंडच्या थोरल्या जाऊबाईंच्या गॅलरीत मात्र वाळवणाच्या जागी दोर पसरलेले असतात. पांढरे, पिवळे, अंगठ्याएवढे जाड. दुपारची निजानीज झाली की त्या एकेक दोर मांडीवर घेतात आणि हातभर-हातभर पुढे सरकवत बोटांनी चाचपत जातात. कुठे धागा तुटलाय, कुठे करवतीचा दात लागलाय, कुठे उन्हाने कडक झालाय. "अगं, तू तांदूळ निवडतेस ना, तसंच हे," असं मला म्हणतात. खराब जागा सापडली की दोर तिथेच कापायचा. गाठ मारून पुन्हा वापरायचा नाही. कापलेला तुकडा घरात येतो. आमच्या तिन्ही बिऱ्हाडांत कपडे ज्या दोऱ्यांवर वाळतात त्या सगळ्या अशा झाडांवरून उतरलेल्या आहेत.

या सदरात आपण मोरीच्या चिकट फरशीपासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळ्यावर बोललो, पण दारातल्या झाडावर कधी बोललो नाही. पत्रे मात्र येत असतात. खिडकीवर फांदी आली आहे, कोणाला सांगायचं? शेजारच्या सोसायटीचा गुलमोहर आमच्या गच्चीवर झुकलाय, पावसात पडला तर? म्हटलं, घरातच जाणकार माणूस असताना उगाच पुस्तकं कशाला चाळायची? पिशवी भरली आणि आठ दिवस मुलुंडला जाऊन राहिले.

धंदा तसा मामंजींचा. ते मालवणाकडचे पाडेली. मुंबईत आले तेव्हा मुलुंडला बंगले होते, बंगल्यांत नारळ होते आणि नारळावर चढणारा माणूस लागत होता. पुढे बंगले गेले, इमारती आल्या, नारळ कमी झाले. पण आवारातली झाडे मोठी होत गेली. भावोजींनी नारळाबरोबर फांद्यांची कामे धरली. काही वर्षांपूर्वी त्यांची पाठ गेली, ऑपरेशन झालं, आणि हिशेबाची वही सांभाळणाऱ्या जाऊबाई हळूहळू सगळाच कारभार सांभाळू लागल्या. मुलुंड-घाटकोपरपासून पार अंधेरी-बोरिवलीपर्यंत त्यांची कामे चालतात. झाडावर त्या स्वतः चढत नाहीत. "पण खालून मला जेवढं दिसतं तेवढं वरच्याला दिसत नाही," हे त्यांचं म्हणणं, आणि आठ दिवसांनंतर मला ते पटलं.

पहाटे आसनगावची लोकल पकडून शहापूरकडची पोरं येतात. चहा होतो. मग प्रत्येकाने आपला पट्टा बाईंच्या समोर बांधून दाखवायचा, हा नियम. बकल ओढून बघतात, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बोटाने तपासतात. शाळेत पोराला पाठवताना आपण वेणी बघतो ना, अगदी तसं. मग टेम्पो. वर दोघे, खाली तिघे. खालच्यांतला एक दोरावर, एक फांद्या ओढायला आणि एकाच्या गळ्यात शिट्टी. या शिट्टीवाल्याला जाऊबाई सगळ्यांत जास्त जपतात. त्याचं काम एकच, झाडाखाली कोणाला येऊ द्यायचं नाही. "वरचा माणूस फांदीकडे बघतो. दूध आणायला निघालेली बाई पिशवीकडे बघते. दोघांकडे बघणारा कोणीतरी हवाच की!"

मोठं मशीन, म्हणजे साखळीची करवत, त्यांच्याकडे फक्त खाली चालते. वर हातकरवत. वेळ जातो, पोरं कुरकुरतात, पण एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने मशीन चालवणं त्यांना मंजूर नाही.

फांदी कापायची कशी, हे मला वाटलं त्यात काय विशेष! पण त्यात मोठीच गोम आहे. शेवग्याची शेंग तुम्ही मोडता तेव्हा काय होतं? तुकडा तुटतो आणि साल खालपर्यंत सोलत जाते. जड फांदी वरून कापायला घेतली तर तेच होतं. अर्धी कापून होते न होते तोच ती वजनाने मोडते आणि खोडाची साल हातभर उलगडत नेते. ती जखम झाडाला आयुष्यभर पुरते. म्हणून आधी खोडापासून जरा लांब, फांदीच्या खालून एक काप, साधारण तिसरा हिस्सा. मग त्याच्या थोडं पुढे वरून काप. फांदी खाली येते, साल तिथेच थांबते. राहिलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा, पण खोडाशी अगदी सपाट नाही. फांदी जिथून निघते तिथे एक सुजल्यासारखी कड असते. ती ठेवायची. जखम भरून काढणारी साल तिथूनच वाढते.

आणि कापलेल्या जागी डांबर फासायचं? मी लहानपणापासून तेच बघत आले होते. जाऊबाईंनी मान हलवली. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो म्हणून एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून आतल्या जुन्या जखमा पाहिल्या. झाडाची जखम आपल्यासारखी बरी होत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंत बांधतं आणि कुजका भाग तिथेच कोंडून ठेवतं. डांबराने त्या कामाला काही मदत होत नाही, उलट ओल आत कोंडते. हे जाऊबाईंना त्यांच्या मुलाने वाचून दाखवलं. त्या दिवसापासून डांबराचा डबा गेला. आता सोसायट्यांचे सेक्रेटरी विचारतात, "डांबर नाही लावलं? मग पैसे पूर्ण कशाचे?" तेव्हा त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागतं.

सगळ्यांत जास्त भांडण होतं ते शेंडा उडवण्यावरून. पाऊस जवळ आला की लोकांना भीती वाटते आणि मग 'झाड निम्मं करून टाका' अशी मागणी येते. झाडाचं मुंडण केलं की सहा महिन्यांत त्या बुंध्यांवर झाडूसारखे धुमारे फुटतात, हिरवं दिसतं, लोक खूश. पण ते धुमारे वरच्या सालीला नुसते चिकटलेले असतात, आणि खाली कापलेल्या तोंडातून कूज उतरत असते. तीन-चार वर्षांनी तेच जड होऊन खाली येतात. दुसरी खोड म्हणजे एका बाजूने कापणं. आमच्या गॅलरीच्या बाजूच्या तेवढ्या काढा, रस्त्याच्या बाजूच्या राहू देत! मग झाडाचा सगळा भार एकीकडे जातो. मला हे ऐकताना जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण आमच्या इमारतीच्या सोनमोहराची गत मीच कमिटीत हात वर करून अशी करून घेतली आहे.

आता परवानगीचं. हे नीट वाचा, कारण इथे पुष्कळांची चूक होते. आवार तुमचं असलं तरी झाड तुमच्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. जाळणं, इजा पोचवणं, तेही आलं, आणि त्याला दंड आहे, कैद आहे. साध्या छाटणीलाही महापालिकेच्या वॉर्डातल्या उद्यान खात्याकडे अर्ज करायचा. मुलुंडला टी, घाटकोपरला एन, बोरिवलीला आर मध्य. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, झाडाचे फोटो, जागेचा साधा नकाशा. साहेब येऊन पाहतात, मग पत्र मिळतं, त्यात किती आणि कोणत्या फांद्या ते लिहिलेलं असतं. आवारातल्या झाडाचा खर्च सोसायटीचा, रस्त्यावरच्या झाडाचं काम पालिकेचं. अख्खं झाड काढायचं असेल तर प्रकरण वृक्ष प्राधिकरणाकडे जातं, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात. २०२१ मध्ये कायद्यात बदल झाला आणि पन्नास वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण मिळालं. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या लग्नाआधीपासून दारात उभी असलेली झाडे त्यात येतात. जाऊबाईंचा अनुभव असा की अर्ज मार्चच्या आत गेला तर काम मेमध्ये होतं. मेअखेर जागे झालेल्यांना पाऊस गाठतोच.

२०२१ च्या १७ मेचा तौक्ते वादळाचा दिवस त्या विसरत नाहीत. टाळेबंदीचे दिवस, पोरं गावाला अडकलेली. कुलाब्याला वाऱ्याने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. मुंबईत त्या वादळात दोन हजारांवर झाडे पडली. दुसऱ्या दिवशी जाऊबाई आणि भावोजी स्कूटरवरून मुलुंडभर हिंडले. "पडलेल्यांची मुळं बघत होतो," त्या म्हणाल्या. "किती झाडांना मुळंच नव्हती गं. बुंध्याभोवती फरशी, फरशीखाली काँक्रीट, आणि एका बाजूची मुळं केबलच्या चरात कापून गेलेली. तरी उभी होती बिचारी इतकी वर्षं." झाडाची बहुतेक मुळं वरच्या हात-दोन हातांतच असतात आणि फांद्यांच्याही पलीकडे पसरतात. त्यांना हवा लागते, पाणी लागतं. पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बुंध्याला अगदी खेटून बसवले की झाडाचा गळा आवळलाच म्हणून समजा. चारी बाजूंनी निदान मीटरभर माती उघडी ठेवायला सांगा.

त्या घरात एक विषय निघाला की सगळे जरा गप्प होतात. पट्टा समोर बांधून दाखवायचा नियम का आला, असं मी सहज विचारलं. जाऊबाई उठून आत गेल्या. भावोजींनी सांगितलं. पूर्वी पट्ट्याला एकच दोर असे. एका फांदीवरून दुसरीवर जाताना तो सोडायचा, पुढे जायचं, पुन्हा बांधायचा. त्या मधल्या अर्ध्या मिनिटात एक पोरगा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडला. जीव वाचला, टाच आणि कंबर गेली. तेव्हा विमा नव्हता. जाऊबाईंनी पाटल्या मोडल्या. आता प्रत्येक पट्ट्याला दोन दोर आहेत. दुसरा अडकवल्याशिवाय पहिला सुटायचा नाही. सगळ्यांचा विमा आहे. आणि तो पोरगा? शिट्टीवाला तोच. मी आठ दिवस त्याला लंगडताना बघत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, सोसायटीत झाडाचं काम निघालं की नुसता सर्वांत कमी आकडा बघू नका. कामगारांचा विमा आहे का, पट्टे आहेत का, हे विचारा. कायद्याने नुकसानभरपाई मालकावर असते, १९२३ पासून आहे. पण ज्याच्याकडे विम्याचा कागद नाही तो द्यायच्या वेळी कुठे सापडतो? कमिटीत पुरुषमंडळी आकडे बघतात. कागद मागायचं काम आपण करावं.

आता घाटकोपरची गोष्ट. लिहावी की नाही, असं मी जाऊबाईंना विचारलं. "नाव घालू नकोस, बाकी लिही," म्हणाल्या.

एका सोसायटीचं वर्षाचं काम त्यांच्याकडे होतं. आवारात एक जुना रेन ट्री, आपण पर्जन्यवृक्ष म्हणतो तो. २०१३ नंतरच्या काही वर्षांत मुंबईत पिठ्या ढेकणाने असे कितीतरी वृक्ष वाळवले. हा त्यातूनही वाचलेला. कमिटीला तिथे गाड्या लावायच्या होत्या. परवानगी मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग एके दिवशी दोघे गृहस्थ घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, काही करा, झाड आपोआप वाळलं पाहिजे. रोख देऊ. सांगितलेला आकडा भावोजींच्या ऑपरेशनच्या उरलेल्या हप्त्यांहून मोठा होता. भावोजी म्हणाले, आपण नाही केलं तर दुसरा कोणी करेल, झाड काही वाचणार नाही. रात्रभर घरात या विषयावर बोलणं चाललं. सकाळी जाऊबाईंनी फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याबरोबर वर्षाचं कामही गेलं.

महिन्या-दीड महिन्याने दुसऱ्या कामाला जाताना त्या मुद्दाम त्या गल्लीतून गेल्या. फाटकातून बुंधा दिसतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर तीन भोकं, वर सिमेंटचं बोट फिरवलेलं. पानगळीचे दिवस नसताना एका बाजूची पानं पिवळी पडलेली. त्या तिथूनच थेट वॉर्ड ऑफिसात गेल्या आणि नाव-पत्त्यासह तक्रार लिहून दिली. साहेब आले, पंचनामा झाला. झाडाची एक बाजू वाळली आहे, दुसरी अजून हिरवी आहे. आसपासच्या आणखी दोन सोसायट्यांनी मात्र त्यांना बोलावणं बंद केलं.

"निनावी द्यायची होती की हो तक्रार," मी म्हटलं.

"निनावी कागदाला किती दिवसांनी हात लागतो ते मला माहीत आहे. आणि हप्ते काय, आणखी वर्षभर फेडू."

माझ्याच्याने हे झालं असतं असं मला वाटत नाही.

असो. तुमच्या दारातल्या झाडाकडे वळू. पावसाआधी एकदा चहाचा कप हातात घेऊन झाडाभोवती फेरी मारा. बुंध्याशी भूछत्रं उगवली आहेत का? साल सुटून पोकळ वाजते का? बुंध्याच्या एका बाजूला जमिनीला भेग पडली आहे आणि झाड गेल्या वर्षीपेक्षा कललंय, असं दिसलं तर वाट बघू नका. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर १९१६. नुसतं तिरपं वाढलेलं झाड वेगळं, ते जन्मापासून तसंच असतं आणि बहुधा पक्कं असतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ, म्हणून त्याच्या जड आडव्या फांद्या आधी बघायच्या. शेवग्याखाली तर गाडी लावूच नये. नारळाच्या वाळक्या झावळ्या आणि फळं वर्षातून दोनदा उतरवून घ्या. पान कात्रीने कापल्यासारखं त्रिकोणी दिसलं तर गेंड्या भुंगा, आणि खोडातून तपकिरी चिकट रस गळत असेल तर सोंड्या भुंगा. हा दुसरा आतून खोड पोखरतो आणि बाहेरून झाड धड दिसतं. २०१७ च्या जुलैत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका बाईंवर नारळाचं झाड कोसळलं, त्या वाचल्या नाहीत. इमारतीच्या भिंतीत पिंपळ उगवला तर बोटाएवढा असतानाच मुळासकट काढा. नुसता वरून खुडला तर तो आत जाडच होत राहतो.

खोडाला खिळे ठोकून पाट्या लावू देऊ नका, आणि दिव्यांच्या माळा तारेने आवळून ठेवू नका. नवं झाड लावायचं तर इमारतीजवळ ताम्हण, बहावा, बकुळ बघा. बकुळ हळू वाढते, पण फुलं वेचायला मिळतात.

तोडलेलं लाकूड कुठे जातं, असं एका मैत्रिणीने विचारलंय. पूर्वी बेकऱ्यांच्या भट्ट्यांना बरंच जायचं. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हापासून ते गिऱ्हाईक आटत चाललं आहे. टेम्पोचं भाडं आता बिलात वेगळं लिहावं लागतं, आणि त्यावरूनही वाद होतो. बारीक पाला मात्र आवारातच कुजवून घ्या. खत होतं आणि टेम्पोची एक खेप वाचते.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी अंधेरीला काम होतं. आंब्याच्या पाच फांद्यांची परवानगी होती. चार उतरल्या आणि वरच्या पोराने हाक दिली, "बाई, पाचवीवर कावळ्याचं घरटं आहे. पिल्लं आहेत." कावळीण तोवर त्याच्या हेल्मेटवर चार टोचे मारून गेली होती. खाली सेक्रेटरी म्हणाले, अहो, कावळाच आहे तो, काय मोठं? आणि पाच फांद्यांचे पैसे ठरलेत. जाऊबाई म्हणाल्या, "चारांचे द्या. पाचवीला मी जुलैत येईन, तेव्हा टेम्पोचं भाडं घेणार नाही." गृहस्थांनी खांदे उडवले आणि चार फांद्यांचा चेक लिहायला घेतला. तोही पुढच्या तारखेचा.

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. आधी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाची पानं उलटली, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी जागा शोधली आणि जुलैच्या शेवटच्या शनिवारी पेन्सिलीने लिहिलं, 'अंधेरी, कावळा'.